बायोलॉजीच्या पोरांचं गणित परत द्या: अभ्यास मंडळांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या झूलॉजी आणि लाइफ सायन्सच्या अभ्यास मंडळांवरचे सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी कोकणातल्या किनाऱ्यावरच्या एका गावची. तिथल्याच कॉलेजात झूलॉजी घेऊन बीएस्सी केली, मग राज्याबाहेरच्या एका संस्थेत न्यूरोसायन्समध्ये एमएस्सी केली. मे महिन्यात डिझर्टेशनचा व्हायवा झाला आणि सामान बांधून घरी आले. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण मला शिकवणाऱ्या सर-मॅडमबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्यातले अर्धे तर तासिका तत्त्वावर होते आणि तरी जीव तोडून शिकवायचे. सिलॅबस त्यांच्या हातात नव्हता. तो तुमच्या हातात आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

मुख्य मागणी एकच आहे. आम्हा बायोलॉजीच्या मुलांचं गणित अकरावीत सुटतं, ते बीएस्सीच्या वर्षांत आम्हाला परत मिळेल अशी सोय करा. आणि ते गणित कुठल्यातरी वेगळ्या पेपरात सुटं सुटं नको, आमच्या विषयाच्या आत हवं, नसेच्या धड्यात, मेंदूच्या धड्यात, जिथे ते खरंच लागतं तिथे.

आता हे सगळं का म्हणतेय ते सांगते.

दहावीला मला गणितात ९१ मार्क होते आणि गणित आवडायचं. अकरावीला ॲडमिशन घेताना क्लासवाल्यांपासून मामापर्यंत सगळ्यांनी एकच सांगितलं की नीट द्यायचीय ना मग मॅथ्स सोड, नीटमध्ये ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे आहेत, मॅथ्सचा एकही नाही, कशाला डोक्याला ताप. मी मॅथ्सच्या जागी जॉग्रफी घेतली. पुढे नीटला सरकारी सीट मिळण्याइतके मार्क पडले नाहीत, प्रायव्हेटची फी घरच्यांच्या आवाक्यातली नव्हती, मग बीएस्सी, केमिस्ट्री बॉटनी झूलॉजी, आणि गणिताशी संबंध संपला तो संपलाच. ही एकट्या माझी गोष्ट नाहीये, तुमच्या कुठल्याही एफवायच्या झूलॉजीच्या वर्गात जाऊन हात वर करायला सांगा, किती जणांनी बारावीला मॅथ्स सोडलं होतं ते दिसेल.

एमएस्सीला आम्ही बारा जण होतो. दोघं फिजिक्सवाले, तिघं इंजिनिअरिंग करून आलेले, एक फिजिओथेरपीवाली, एक सायकॉलॉजीवाली, बाकी आम्ही बायोलॉजीचे. दुसऱ्या आठवड्यात सरांनी फळ्यावर एक पेशी काढली, आत पोटॅशियम १४०, बाहेर ५, आणि म्हणाले, काढा याचं पोटेन्शियल, म्हणजे आत-बाहेरच्या विजेच्या दाबातला फरक, शरीराच्या तापमानाला ६१ गुणिले लॉग, बाहेरचं भागिले आतलं. अर्ध्या मिनिटात मागून उत्तर आलं, उणे ८८ मिलिव्होल्ट. मी अजून ५ भागिले १४० वरच होते. ०.०३६ आलं, आता याचा लॉग उणे का येतो हेच मला आठवेना. म्हणजे एकापेक्षा लहान आकड्याचा लॉग उणे येतो ही एवढीशी गोष्ट. पोटात गोळा आला. त्या दिवशी जेवले पण नाही. नर्व्ह इम्पल्सवर बीएस्सीला मला आउट ऑफ मार्क होते हो, डायग्राम सुंदर, लेबलिंग पूर्ण, सोडियम आत पोटॅशियम बाहेर, सगळं घडाघडा. पण सोडियम आत का जातो आणि किती जोराने जातो हे मला कोणी विचारलंच नव्हतं.

रात्री हॉस्टेलवर फोनमध्ये बालभारतीची बारावीची पुस्तकं डाउनलोड केली, निदान लॉग तरी परत बघू म्हणून. केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या धड्यात थांबले. नर्न्स्टचं समीकरण. ०.०५९२ बाय एन, लॉग. बारावी सायन्स केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, ०.०५९२ आठवेल. ते २५ अंशाला असतं, म्हणजे ५९.२ मिलिव्होल्ट, आणि तेच ३७ अंशाला नेलं की साधारण ६१ होतं. दुपारी फळ्यावर होतं ते हेच होतं. मी हे बारावीला सोडवलेलं होतं, झिंक-कॉपरच्या सेलसाठी, मार्क पण मिळाले होते.

मग फिजिक्सचं पुस्तक उघडलं, त्यात कपॅसिटर. बायोलॉजीचं उघडलं, त्यात कंट्रोल अँड कोऑर्डिनेशनच्या धड्यात नर्व्ह इम्पल्स. पेशीचं पटल म्हणजे कपॅसिटर, त्यातली आयनांची दारं म्हणजे रेझिस्टन्स, आणि आत-बाहेरच्या आयनांचा फरक म्हणजे बॅटरी, नर्न्स्टवाली. तीन पुस्तकं, तीन धडे, एकच गोष्ट. ही तिन्ही पुस्तकं दोन वर्षं माझ्या एकाच दप्तरात होती आणि त्या दोन वर्षांत आणि नंतरच्या बीएस्सीच्या तीन वर्षांत एकदाही कुणी सांगितलं नाही की पोरी, हे एकच आहे. मला त्या रात्री रडू आलं आणि ते गणित येत नाही म्हणून आलं नव्हतं, गणित येत होतं, फक्त ते कशासाठी होतं हे माहीत नव्हतं याचं वाईट वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हाची गोष्ट तर तुम्हाला सांगायलाच हवी. तोपर्यंत वर्गात हॉजकिन आणि हक्सले हे दोन ब्रिटिश शास्त्रज्ञ शिकवून झाले होते. नसेतून सिग्नल कसा जातो हे त्यांनी १९५२ मध्ये गणितात मांडून दाखवलं, १९६३ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं, आणि हे सगळं काम स्क्विड ह्या समुद्रातल्या प्राण्याच्या नसेवर झालं, कारण स्क्विडमध्ये एक नस-तंतू इतका जाड असतो, अर्ध्या मिलिमीटरपासून एक मिलिमीटरपर्यंत, की त्याच्या आत तार घालता येते. आपले तंतू मायक्रोमीटरमध्ये मोजायचे. जे. झेड. यंग ह्या प्राणीशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये त्या जाड तंतूकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं, १९३९ ला इंग्लंडच्या किनाऱ्यावर प्लिमथमध्ये हॉजकिन-हक्सलेंनी त्याच्या आत इलेक्ट्रोड घालून पहिलं रेकॉर्डिंग घेतलं, मग युद्ध आलं, काम थांबलं, युद्धानंतर परत सुरू केलं. आणि समीकरणं सोडवायची वेळ आली तेव्हा केंब्रिजचा कॉम्प्युटर बंद होता, तर हक्सलेंनी हाताने हँडल फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर सोडवली. हे मी वर्गात ऐकत होते, पीपीटीवर स्क्विडचा फोटो होता, आणि मी त्या फोटोकडे बघत होते तरी ट्यूब पेटली नव्हती.

दिवाळीत आईने जेटीवरून माकुलं आणली. ती पायरीवर बसून साफ करत होती, डोकं धरून ओढलं की सगळं आतलं बाहेर येतं, शाईची पिशवी बाजूला, मग ती काचेसारखी पारदर्शक पट्टी बाहेर ओढायची, कातडं सोलायचं. मी लहानपणापासून हे शेकडो वेळा बघितलंय. त्या दिवशी एकदम लक्षात आलं, माकुल म्हणजेच स्क्विड. मी म्हटलं, आई थांब, एक माकुल मला दे, गोल कापू नको, उभं चिर. तिने चिरून ताटलीत पसरून दिलं. आतल्या बाजूने बघितलं तर डोक्याकडच्या कडेला दोन्ही बाजूंना एकेक छोटी पांढरी गाठ, आणि त्या गाठीतून पंख्यासारखे दोरे सगळ्या मांसात पसरलेले. स्टेलेट गँगलियन, म्हणजे चांदणीसारखी नसांची गाठ. वर्गातल्या पीपीटीवर होती तशीच्या तशी चांदणी. ह्या दोऱ्यांच्या आत तो जाड तंतू. माकुलाला पळायचं असतं तेव्हा सगळ्या अंगाने एकदम आकसून पाण्याची चिळकांडी मारावी लागते, त्यासाठी सिग्नल झटक्यात पोचायला हवा, म्हणून तंतू जाड, पाइप जाड असला की आतला अडथळा कमी, तसं. आई म्हणाली, हे दोरे मी रोज काढून टाकते ग.

सर, मॅडम, माझ्या कॉलेजपासून ती जेटी चालत वीस मिनिटांवर आहे. तीन वर्षं आम्ही नर्व्हचा धडा पाठ केला आणि मेंदूविज्ञानातला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग ज्या प्रकारच्या प्राण्यावर झाला तो प्राणी रोज टोपल्या भरभरून आमच्या समोरून जात होता. पुस्तकात स्क्विड लिहिलं होतं आणि आम्ही माकुल खात होतो. सिलॅबसमध्ये ही जोडणी करायची जागाच नाहीये, कारण मोलस्का (माकुल त्यातलंच) एका सेमिस्टरला, फिजिओलॉजी दुसऱ्या, आणि बायोफिजिक्स असलाच तर तिसरीकडे. प्रत्येकाचं युनिट वेगळं, क्रेडिट वेगळे, पेपर काढणारे वेगळे.

बायोस्टॅट, म्हणजे बायोलॉजीसाठीचं संख्याशास्त्र, त्याबद्दल पण सांगते, कारण तुम्ही म्हणाल की गणित आहे की, बायोस्टॅट आहे. आहे. त्यात आम्ही मीन मीडियन मोड काढलं, काय-स्क्वेअर हाताने काढून जर्नलमध्ये उतरवलं, जर्नल सर्टिफाय झालं, संपलं. एमएस्सीच्या पहिल्याच जर्नल क्लबमध्ये, म्हणजे शोधनिबंध वाचून चर्चा करायच्या तासाला, मला विचारलं की ह्या पेपरमध्ये एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, उंदीर धरलेत का पेशी. एका उंदराच्या वीस पेशी मोजल्या तर एन वीस होतो का एक? मला प्रश्नच कळला नव्हता. न्यूरोसायन्समध्ये अख्खे पेपर ह्या एका प्रश्नावर पडतात. त्यासाठी मोठं गणित लागत नाही, फक्त आकडा आणि जीव यांचा संबंध कुणीतरी एकदा दाखवावा लागतो. पायथन प्रोग्रॅमिंगचं तर बोलूच नका, वर्गातल्या इंजिनिअर पोराने रोज रात्री मेसमध्ये बसून मला फॉर लूप शिकवला, आणि मी त्याला सिनॅप्स, म्हणजे दोन न्यूरॉन्समधला सांधा, शिकवला, असं करत करत आम्ही दोघं पास झालो.

दुसऱ्या वर्षी डिझर्टेशनला मी पॅच क्लॅम्प घेतलं, म्हणजे काचेची बारीक नळी पेशीला चिकटवून तिच्यातली वीज मोजायची. नेहर आणि साकमन यांनी १९७६ मध्ये काढलेली पद्धत, १९९१ चं नोबेल. उंदराच्या मेंदूचे ३०० मायक्रोमीटर जाडीचे काप करायचे, बर्फासारख्या थंड मिठाच्या द्रावणात, त्यात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सतत सोडायचे, मग ते काप काही तास जिवंत राहतात. एथिक्स कमिटीची परवानगी, भूल, सगळं नियमाने, तरी पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते आणि मला वाटतं ते थरथरायलाच हवेत, एका जिवाच्या बदल्यात आपण डेटा घेतोय हे विसरून चालत नाही. मग काचेची नळी, टोक एक-दोन मायक्रोमीटरचं, मायक्रोस्कोपखाली पेशीजवळ न्यायची, आतून हवेचा हलका दाब ठेवत, पेशीवर छोटासा खळगा दिसला की दाब काढून घ्यायचा आणि तोंडाने नळी हळूच ओढायची. स्क्रीनवर रेझिस्टन्स वीस, पन्नास, दोनशे मेगाओहम असा चढत जातो आणि मग एकदम गिगाओहम, म्हणजे नळी पेशीला घट्ट चिकटली. त्यानंतर आणखी एक छोटा श्वास ओढला की पटल फुटतं आणि तुम्ही पेशीच्या आत.

पहिले पाच आठवडे मला एकही पेशी मिळाली नाही. सहाव्या आठवड्यात मिळाली, रात्री साडेनऊला, आणि स्क्रीनवर काय आलं माहितीये? एक उभी उडी आणि मग हळूहळू खाली उतरणारी वक्र रेषा. कपॅसिटर चार्ज होताना जी रेषा येते तीच. त्या रेषेवरून मी पेशीचं पटल केवढं आहे ते काढलं, रेझिस्टन्स किती ते काढलं, आणि मग तिला करंट दिला तेव्हा ती फायर झाली, सत्तर मिलिव्होल्ट उणे वरून उसळून अधिकमध्ये आणि परत खाली, एका मिलिसेकंदाच्या आसपास. मी खुर्चीत बसून राहिले. ज्याची डायग्राम मी आठवीपासून काढत आले ते माझ्यासमोर चालू होतं. तो क्षण मला वर्गातल्या कुणाहून कमी मिळाला नाही, पण तिथवर पोचायला मला फिजिक्सवाल्यांपेक्षा एक अख्खं सेमिस्टर जास्त लागलं, पहिल्या सेमला बॅकलॉग राहिला, आणि आमच्यातली एक मुलगी, माझ्यासारखीच झूलॉजीवाली, विदर्भातली, माझ्याहून हुशार, दुसऱ्या महिन्यात सोडून गेली. ती म्हणाली मला हे झेपणार नाही. तिला झेपलं असतं. हे मी खात्रीने सांगते.

म्हणून राग येतो. मेंदू हा विषय शहरातल्या, इंजिनिअरिंगच्या, इंग्लिश मीडियमच्या पोरांसाठी राखीव आहे असं कुणी कुठे लिहिलेलं नाही, पण गणित सुटलं की तो आपोआप राखीव होतो. आणि गरज कुणाला आहे? २०२३ मध्ये आलेल्या देशभरच्या पाहणीत साठीच्या वरच्या लोकांत ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे असं निघालं, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं, आणि खेड्यांत प्रमाण शहरापेक्षा जास्त. माझ्या आजोबांना कंपवात होता, पार्किन्सन्स. शेवटच्या वर्षांत त्यांना पेज भरवायला लागायची. आमच्या कुंपणावर खाजकुयली वाढते, तिच्या बियांत एल-डोपा असतं, म्हणजे पार्किन्सन्सवर गोळी देतात तेच, आणि १९३७ मध्ये मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते त्या बियांतून वेगळं काढलेलं आहे. बॉटनीच्या प्रॅक्टिकलला आम्ही खाजकुयलीची फॅमिली ओळखली, फॅबेसी, दोन मार्क. आजोबा तेव्हा जिवंत होते. (कुणी वाचून बिया कुटून देऊ नका, डोस चुकला तर त्रास होतो, डॉक्टरकडेच जा.)

आता तुमच्या अडचणी. मला माहितीये तुम्ही काय म्हणाल, कारण बीएस्सीच्या शेवटी मी एका सरांशी यावर बोलले होते.

पहिली गोष्ट, गणित टाकलं तर मुलं पळून जातील, ॲडमिशन आधीच कमी होतायत. सर, मुलं कंटाळून पळतात, आणि पाढ्यांसारखं पाठ करायला लावलं की कंटाळतात. तुम्ही एफवायच्या मुलांना ५ भागिले १४० चा लॉग काढून दाखवा आणि सांगा की हा आकडा आत्ता तुझ्या डोक्यातल्या प्रत्येक पेशीत आहे, कुणी पळत नाही. मी गावी दोन शेजारच्या बारावीच्या मुलींना दाखवलं, त्यांनी सोडियमचा स्वतःहून काढला.

दुसरं, वर्कलोड. खरं सांगायचं तर कुठं घोडं पेंड खातं ते इथेच. गणिताचा तास झूलॉजीत घातला तर तो कुणाच्या नावावर लागणार, झूलॉजीच्या मॅडमच्या का गणिताच्या सरांच्या. पण छोट्या कॉलेजांत गणित विभागात तिसऱ्या वर्षाला चार-पाच मुलं असतात, ते सर तास मिळावेत म्हणून वणवण करतायत. नवीन धोरणात मेजर-मायनर आलंय, कागदावर झूलॉजी मेजर आणि मॅथ्स मायनर घेता येतं, प्रत्यक्षात टाइमटेबल जुळत नाही म्हणून सगळ्यांना केमिस्ट्री नाहीतर बॉटनीच मिळते. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या फॅकल्टीतून घ्यावं लागतं, तिथे हे बसत नाही. मग स्किलच्या दोन क्रेडिटमध्ये बसवा ना. दोन क्रेडिट, एक सेमिस्टर, गणिताचे सर आणि झूलॉजीच्या मॅडम दोघं मिळून, लॉग, एक्स्पोनेन्शियल, बदलाचा वेग म्हणजे काय, आलेख वाचणं, आणि एन म्हणजे काय. बस. कॅल्क्युलसचं अख्खं पुस्तक कुणीच मागत नाहीये. परीक्षेत मात्र एक तरी गणित असं ठेवा की जे आकडे बदलून येईल, कारण प्रश्नपत्रिकेत नसेल तर ते शिकवलं जाणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

तिसरं, लॅब. पॅच क्लॅम्पची रिग तालुक्याच्या कॉलेजात कुणीच मागणार नाही, तिला लाखो रुपये लागतात. पण आपण जेनेटिक्सच्या प्रॅक्टिकलला केळं घालून ड्रॉसोफिला वाढवतोच ना, लाल डोळे पांढरे डोळे मोजतो. त्याच माशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, १,३९,२५५ पेशी, पाच कोटींवर जोडण्या, आणि तो सगळा ऑनलाइन फुकट उघडा आहे, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून एखादी पेशी निवडून ती कुणाशी बोलते ते मुलांना बघता येतं. आणि ही माशी आपल्याला परकी नाही, मुंबईत टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेमध्ये ओबैद सिद्दीकींनी १९६२ ला मॉलिक्युलर बायोलॉजीचं युनिट सुरू केलं आणि पुढे ह्या माशीला वास आणि चव कशी कळते यावर त्यांनी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी काम उभं केलं. झूलॉजीच्या सिलॅबसमध्ये ही नावं का नाहीत? स्वतःच्या दंडावर तीन स्टिकर लावून स्नायूचा सिग्नल लॅपटॉपवर बघायचं किट आता काही हजारांत येतं, त्याला कुठला प्राणी लागत नाही. आणि आमच्या किनाऱ्यावर माकुल आहे, खायला आणलेलंच, प्रयोगासाठी वेगळा जीव मारायला नको.

एक बारीक गोष्ट, नोट्समध्ये अजूनही मेंदूत शंभर अब्ज न्यूरॉन्स आणि त्याच्या दहापट ग्लिया, म्हणजे न्यूरॉन्सना आधार देणाऱ्या पेशी, असं छापलं जातं. २००९ मध्ये ब्राझीलमध्ये सुझाना हर्कुलानो-हौझेल यांच्या गटाने अख्खा मेंदू विरघळवून पेशींची केंद्रकं मोजली, न्यूरॉन्स साधारण ८६ अब्ज निघाले आणि बाकीच्या पेशी जवळपास तेवढ्याच. हे कसं मोजलं ते सांगितलंत तर दहा मिनिटांत मुलांना सॅम्पलिंग आणि गुणोत्तर दोन्ही कळेल.

सहलीचं पण बघा. झूलॉजीची ट्रिप दरवर्षी जाते, मत्स्यालय, अभयारण्य. बंगळुरूला निम्हान्समध्ये मेंदूंचं म्युझियम आहे, तिथे ग्लोव्ह घालून खरा मानवी मेंदू हातात घेता येतो. मी एमएस्सीला असताना घेतला. सव्वा-दीड किलोचा, थंड, वाटतो त्यापेक्षा जड, आणि हातात असताना तोंडातून शब्द फुटत नाही. पुण्यात आयसरमध्ये झेब्रा फिंच पक्षी गाणं कसं शिकतो आणि गातो यावर काम चालतं. एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी कॉलेजं पुणे-सातारा पट्ट्यात कितीतरी आहेत.

आणि शेवटची मागणी माझ्या पोटाची आहे. मी आता शिकवायच्या जागा शोधतेय. एका जागेचा ऑनलाइन फॉर्म भरताना पीजी विषयाच्या यादीत झूलॉजी, बॉटनी, बायोटेक, मायक्रो, सगळं होतं, न्यूरोसायन्स नव्हतं. इतर निवडलं तर पुढचं पान उघडेना. फोन केला तर सांगितलं, तुमचा विषय संलग्न धरता येत नाही, समकक्षतेचं पत्र आणा. ते पत्र कोण देणार हे तीन ठिकाणी विचारून झालं, तिन्ही ठिकाणी दुसरीकडे पाठवलं. प्राध्यापक होण्यासाठीची नेट परीक्षा लाइफ सायन्समध्ये देता येते, मग शिकवायला लाइफ सायन्सचा माणूस म्हणून का चालत नाही? अभ्यास मंडळ समकक्षतेवर मत देऊ शकतं. ते द्या. नाहीतर जी दोन क्रेडिट मी मागतेय ती शिकवायला येणारी माणसं तुम्हाला मिळणारच नाहीत, आम्ही सगळे मेडिकल रायटिंगमध्ये नाहीतर परदेशात गेलेलो असू.

आता जून आहे, मासेमारी बंद आहे, ३१ जुलैपर्यंत होड्या वर ओढलेल्या आहेत. ऑगस्टमध्ये बंदी उठली की आठ-दहा दिवसांत जेटीवर माकुलं यायला लागतात आणि तेव्हाच तुमच्या पहिल्या सेमिस्टरचे तास चालू असतात. कोकणातल्या कुठल्याही कॉलेजने मला दोन तास द्यावेत. डिसेक्शन ट्रे, सुया आणि साधा मायक्रोस्कोप तुमच्या लॅबमध्ये असतोच. गणिताच्या सरांना त्या तासाला बोलवा, त्यांना एक फळा आणि खडू द्या. माकुलं मी घेऊन येते, मानधन नको, फक्त एसटीचं तिकीट. मुलांना आधी चांदणी शोधू दे, मग १४० आणि ५ फळ्यावर लिहू.

तुमची,
एक माजी विद्यार्थिनी, टीवायबीएस्सी झूलॉजी